शेंगूसाठी मागितलेलं ऊन

अण्णा, शेंगू आज बाहेर जायला तयार नव्हती.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी मागचं दार उघडलं तर पायरी कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होतं तेच कळेना. तिने एक पंजा खाली टेकवला, लगेच वर घेतला. मग दुसरा टेकवला, तोही वर घेतला, आणि मान उचलून माझ्याकडे पाहिलं. पाच किलोचं कुत्रं, अंगावर मखमलीएवढे केस, पोटावर तर तेवढेही नाहीत. मी फावडं घेऊन गेलो आणि तिच्यापुरती जागा साफ केली. तरी ती येईना. मग लक्षात आलं की तुम्ही असं वरवर खरवडत नव्हता. तुम्ही गवत दिसेपर्यंत साफ करायचात, आणि तेही भिंतीलगत, वारा लागणार नाही अशा जागी. मी अंगणाच्या मधोमध केलं होतं, खाली बोटभर बर्फ तसाच ठेवून. पुन्हा केलं. तेव्हा कुठे ती आली, घाईघाईने शू करायला बसली, आणि धावत आत गेली ती थेट तुमच्या खोलीत.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. मिरजेहून फोन येतात. तुम्ही शाळेत भूगोल कसा शिकवायचात, फळ्यावर खडूने एका दमात जगाचा नकाशा कसा काढायचात, ते लोक मला सांगतात. मी ऐकतो, हो हो म्हणतो. मला त्यातलं काही इथे लिहायचं नाही. मला खोलीबद्दल बोलायचंय. ती गोष्ट आपण दोघांनी कधी उच्चारली नाही, आणि आता मी एकटाच बोलणार, म्हणजे याही वेळी तुम्हाला बोलायला जागा न ठेवता. तरी बोलतो.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा आम्ही ऑकलंडमधलं अल्बनीचं घर सोडून इकडे ट्वायझलला आलेलो होतो. धरणांच्या कामावरची माझी नोकरी, गावाभोवती डोंगर, हिवाळ्यात बर्फ, आणि अल्बनीच्या मानाने ऐसपैस घर. माझी आणि स्नेहाची खोली, इराची खोली, आणि आणखी दोन. त्यातली एक उत्तरेकडची, मोठ्या खिडकीची. तिथे मी माझं ऑफिस थाटलं होतं. दुसरी मागच्या कोपऱ्यातली, नैऋत्येची. इथे, दक्षिण गोलार्धात, सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. त्या मागच्या खोलीला हिवाळ्यात ऊन म्हणून शिवत नाही. काचेच्या आतून पाणी ओघळतं, आणि बाहेर गवतावरचं गोठलेलं दव दुपारपर्यंत पांढरंच्या पांढरं राहतं. हे मला माहीत होतं. या घरात आमचे काही हिवाळे काढून झाले होते.

तुम्ही येणार म्हटल्यावर स्नेहा म्हणाली होती, "अण्णांना उत्तरेची खोली देऊ या. तुझं टेबल काय, कुठेही मावेल."

"बघू," मी म्हणालो होतो.

विमानतळावरून तुम्हाला घेऊन येताना गाडी चालवता चालवता मला एक युक्ती सुचली. घरी पोचल्यावर तुमची बॅग मी मागच्या खोलीत नेली आणि म्हणालो, "ही नैऋत्येची खोली, अण्णा. आई म्हणायची ना, घरातल्या मोठ्या माणसाने नैऋत्येला झोपावं."

आई खरंच म्हणायची. मिरजेच्या घरात तिने वास्तुशास्त्राच्या नादाने तीनदा पलंग हलवायला लावले होते, आणि तुम्ही दर वेळी हसून पलंगाचं दुसरं टोक धरलं होतंत. माझा त्या शास्त्रावर काडीचा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. बाहेरच्या कुंपणाच्या सावलीकडे पाहिलंत. मग चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "तिचं ऐकलंस, बरं केलंस."

मला वाटलं, जमलं.

मग थोड्याच दिवसांनी तुम्ही जेवणाच्या टेबलावर इराला मोसंबं आणि दिवा घेऊन पृथ्वी शिकवायला बसलात. मोसंब्याला पेन्सिल खुपसून आस केला होतात. ती मराठीतलं सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो.

"सो विंटरमध्ये सन इकडे मागे येतच नाही?" तिने विचारलं. तुमच्याशी बोलताना ती इतकं तरी मराठी घालायची.

"नाही."

"देन युअर रूम गेट्स नो सन, आजोबा! लाइक, नेव्हर!"

"अगं, मला तिथे रात्री झोपायचंय. रात्री कुठे असतो सूर्य? दाखव बरं मोसंब्यावर."

तिने मोसंबं फिरवलं आणि तुम्ही दोघं हसलात. तेव्हा मला कळलं की तुम्ही पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतंत. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाला मी सूर्याबद्दल फसवायला गेलो होतो, आणि त्यासाठी आईचं नाव वापरलं होतं. मी चहा गाळला. कप घेऊन बाहेर आलो. तुम्ही म्हणालात, "वा, आलं घातलंयस."

शेंगू आली ती त्यानंतरच्या शरदात, ओमारामाकडच्या एका शेतावरून. आई फॉक्स टेरियर, बापाचा पत्ता नाही. इराने तिचं नाव पीनट ठेवलं. तुम्ही पहिला आठवडाभर पाय खुर्चीवर घेऊन बसायचात. "कुत्रं घरात? अरे, त्याची जागा अंगणात." मग नावाचा अर्थ विचारलात. "शेंगदाणा? पोरीला? शेंगू म्हणा, शेंगू." त्या दिवसापासून इरा सोडून सगळ्यांची ती शेंगू झाली.

पहिली कडाक्याची थंडी पडली त्या दुपारी तुम्ही पलंगावर पडून टॅबलेटवर मिरजेच्या बातम्या वाचत होतात. ती दार ढकलून आत आली, उडी मारून पलंगावर चढली, नाकाने दुलईची कड उचलली आणि तुमच्या गुडघ्याला चिकटून गडप झाली. तुम्ही ओरडलात, "स्नेहा, अगं हे काय आलंय बघ!" स्नेहा आली. तुम्ही हात वर धरून बसला होतात, जणू कोणी पिस्तूल रोखलंय. पण तिला उचला, असं काही म्हणाला नाहीत.

मग तुम्ही तिचा अभ्यास सुरू केलात. शेपूट पोटाखाली गेली आणि पाठीची कमान झाली की ती गारठलीय. चालता चालता थांबून एक पाय वर धरला की पंजे दुखतायत, ओढायचं नाही, उचलून घ्यायचं. सकाळी फिरायला न्यायचं नाही, डोंगरावरून ऊन खाली उतरलं की न्यायचं. रस्त्यावर घसरू नये म्हणून खडी टाकलेली असेल तर परत आल्यावर बोटांच्या बेचक्या कोमट पाण्याने धुवायच्या, आणि मग कोरड्या करायच्या. "नुसत्या धुवून काय उपयोग? ओल्या राहिल्या तर आणखी गारठतील." हे सगळं तुम्ही आम्हाला वर्गात शिकवल्यासारखं शिकवलंत. मी तिला तिमारूहून जाड जाकीट आणलं तेव्हा तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलंत. पाठीवर भरपूर अस्तर, आणि पोट उघडं.

"छान आहे," तुम्ही म्हणालात. "छप्पर आहे. भिंती तेवढ्या राहिल्यात."

मग मी बूट आणले. चार लाल रबरी बूट. ते घातल्यावर ती आधी पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि मग एकेक पाय हवेत असा उचलून चालायला लागली की तुम्ही हसता हसता भिंतीला टेकलात. "परेड! सव्वीस जानेवारीची परेड!" हसण्याचा खोकला झाला. स्नेहाने पाणी आणून दिलं. अण्णा, त्या दिवसासाठी मी त्या बुटांचा आयुष्यभर ऋणी आहे.

आणि तो स्वेटर. तुमच्या वाढदिवसाला मी मेरिनो लोकरीचा आणला होता, करडा. काही दिवसांनी शेंगू स्वयंपाकघरात आली ती एक करडी नळी घालून. गळ्याशी विणीची पट्टी, पुढच्या पायांना दोन भोकं, पोट पूर्ण झाकलेलं.

"अण्णा, हा तुमचा स्वेटर आहे?"

"बाही आहे. स्वेटर माझ्याच अंगावर आहे."

तुम्ही शाल बाजूला केलीत. दुसरी बाहीही नव्हती.

"दुसरी कुठेय?"

"धुतलीय. एक अंगावर, एक दोरीवर."

"अहो अण्णा, मला सांगायचं ना," स्नेहा हसत म्हणाली, "जुने मोजे दिले असते."

"मोज्यात मावत नाही ती. बघितलं घालून."

इरा जमिनीवर लोळत होती हसून. मी मात्र चिडलो. "नवाकोरा स्वेटर होता तो! तुम्हाला थंडी वाजेल अशाने."

"मला कुठे बर्फात बसायला जायचंय?" तुम्ही म्हणालात.

आज विचार करतो तेव्हा आठवतं, की तुम्हाला थंडी वाजेल, असं मी तुम्हाला पुष्कळदा बजावलं. टोपी घाला, मोजे घाला, अनवाणी फिरू नका. थंडी वाजतेय का, असं विचारलं नाही. बजावणाऱ्याला उत्तर ऐकावं लागत नाही.

तुमच्या खोलीत छोटा हीटर होता. तुम्ही तो झोपताना बंद करायचात, वीज जळते म्हणून. वीज बनवणाऱ्याच्या घरात! हॉलमधल्या हीट पंपाची गरम हवा बोळकांडीचं वळण ओलांडून तुमच्यापर्यंत पोचत नव्हती. शेंगू रोज तुमच्या दुलईत झोपायची आणि मी त्यावरून भांडायचो.

"तुमची छाती आधीच नाजूक. तिचे केस जातील नाकातोंडात."

"हिला केस आहेत कुठे?"

मी तिच्यासाठी विजेची गादी आणली. वायरीला चावता येणार नाही अशी, कमी दाबावर चालणारी. कपडे धुण्याच्या खोलीत ती मांडली, थर्मामीटर लावून तापमान बघितलं, तुम्हालाही दाखवलं.

"माणसाजवळची ऊब वेगळी असते," तुम्ही म्हणालात.

"ऊब म्हणजे ऊब, अण्णा. त्यात वेगळं काय?"

"मग लहानपणी तू आंघोळीच्या बंबाशेजारी का नाही झोपायचास? आमच्या दोघांच्या मध्ये कशाला घुसायचास?"

मी काहीतरी म्हणालो, लहान मुलाचं वेगळं, वगैरे. तुम्ही म्हणालात, "बरं." तो वाद तिथेच राहिला. रोज तिला त्या गादीवर झोपवून मी दार लावायचो आणि सकाळी ती तुमच्याकडे असायची. मला वाटायचं, दाराची कडी सैल आहे. एकदा मी ती कडी दुरुस्तही केली, अण्णा.

आता जुलैतलं, भर हिवाळ्यातलं सांगतो. यासाठीच लिहायला बसलोय.

एका सकाळी चहा पिताना तुम्ही म्हणालात, "मंदार, शेंगूला माझ्या खोलीत फार गार लागतं रे."

"मग हॉलमध्ये बसवा तिला. तिथे हीट पंप चालूच असतो."

"ती हवा तिला मानवत नाही. शिंकते. तिला ऊन लागतं. तुझ्या खोलीत दुपारी छान येतं ऊन."

"मग आणा की. मी कुठे नाही म्हणतो?"

दुपारी तुम्ही तिला घेऊन आलात. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होतो. तुम्ही दबक्या पावलांनी आलात, खिडकीखाली गालिच्यावर जिथे उन्हाचा चौकोन पडला होता तिथे तिला ठेवलंत. ती आडवी झाली, पाय ताणले, डोळे मिटले. तुम्ही दारापर्यंत गेलात आणि चौकटीला हात लावून थांबलात. खोलीत दुसरी खुर्ची होती, उन्हातच. तिच्यावर माझं जाकीट आणि एक रिकामं खोकं होतं. तुम्ही त्या खुर्चीकडे पाहिलंत. मी तुम्हाला तिच्याकडे पाहताना पाहिलं. मीटिंगमध्ये माझं काही काम चाललं नव्हतं, दुसरंच कोणीतरी बोलत होतं. खोकं उचलून खाली ठेवायचं, एवढंच होतं.

मी हात वर केला. ठीक आहे, झालं, असा. तुम्ही मान हलवलीत, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलंत, माझ्या कामात आवाज नको म्हणून.

थोड्या वेळाने ती उठून दार खरवडायला लागली. तुम्ही तिला न्यायला परत आलात. "थांबत नाही बघ ही एकटी," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा तसेच थांबलात. तुम्ही यापेक्षा स्पष्ट आणखी काय बोलायला हवं होतं? तुमच्या पिढीतला बाप मुलाच्या घरात स्वतःसाठी खुर्ची मागत नाही. तुम्ही कुत्रीसाठी ऊन मागितलंत, तेही दोनदा.

मी म्हणालो, "मग तिच्या अंगावर काहीतरी घाला, अण्णा."

"हो, घालतो," तुम्ही म्हणालात.

मला कळलं होतं. मला कळलंच नाही, असं म्हणता आलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. कळलं होतं आणि मी ते कुत्रीबद्दलचं म्हणून घेतलं, कारण कुत्रीचं उत्तर सोपं होतं. खोकं हलवलं असतं तर तुम्ही उद्या खुर्चीत बसला असता, परवा तिथेच वाचत बसला असता, मग एक दिवस स्नेहा म्हणाली असती, पलंगच इकडे आणू या. आणि मग तुम्हाला मागच्या खोलीत का ठेवलं, हे कोणीतरी विचारलं असतं. आईचं नाव निघालं असतं. त्यापेक्षा मी त्याच आठवड्यात शेंगूसाठी उंच काठांचं, आतून लोकरीचं नवं अंथरूण मागवलं. पार्सल तुम्हीच उघडलंत. "ऐट आहे बुवा शेंगूबाईंची," तुम्ही म्हणालात. त्यात टोमणा होता का, ते मी अजून शोधतोय. नसावा. असता तर मला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये मोठा बर्फ पडला. मी उठायच्या आत तुम्ही मागे जाऊन तिच्यासाठी गवत मोकळं केलं होतंत, वर जाकीट, आत बिनबाह्यांचा स्वेटर. खोकला त्याच आठवड्यात वाढला. स्नेहाने छाती ऐकली आणि काही न बोलता गाडीची किल्ली घेतली. ती इथल्या दवाखान्यात नर्स आहे. ती बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं.

तिमारूच्या हॉस्पिटलात तुमचा पलंग खिडकीशी होता. मी दुसऱ्या दिवशी आलो. दोन तासांच्या रस्त्यात मी वाक्य जुळवत होतो. घरी आल्यावर तुम्ही उत्तरेच्या खोलीत राहायचं, अण्णा, माझं चुकलं. एवढंच. पोचलो तेव्हा तुम्ही पांघरूण पायाशी लोटून दिलं होतंत. चेहऱ्यावर ऑक्सिजनची नळी, आणि चेहरा इतका मोकळा की मी तुम्हाला तसं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मंदार," तुम्ही म्हणालात, "इथे किती छान ऊब आहे रे."

माझ्या घरात राहायला आल्यापासून थंडी-उबेबद्दल तुम्ही स्वतःच्या वतीने बोललेलं ते एकमेव वाक्य. त्यात तक्रार नव्हती, तुम्ही सुखाने बोलत होतात. माझं जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. मी म्हणालो, "हो, सेंट्रल हीटिंग असतं यांच्याकडे."

मग तुम्ही शेंगूचं सांगायला लागलात. ओलं जाकीट तिच्या अंगावर ठेवू नका, त्यापेक्षा उघडी बरी. हीटरच्या फार जवळ बसू देऊ नका, तिच्या कातडीला कळत नाही भाजेपर्यंत. थंडीत तिला थोडं जास्त खायला घाला. म्हातारी झाली की कुरकुर करेल, मनावर घेऊ नका. एकटी झोपवू नका. मी मान डोलवत होतो. आता यातलं कोणतं शेंगूचं आणि कोणतं नाही, ते मला वेगळं करता येत नाही. तेव्हाही मनाशी म्हटलं की सांगण्यापेक्षा करूनच दाखवू, घरी याल तेव्हा पलंग हलवलेलाच दिसेल. अण्णा, सांगणं टाळायची ती माझी शेवटची युक्ती होती.

तुम्ही घरी आला नाहीत.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं होतं, खोली थोडी गार होती, त्यामुळे झालं का? त्यांनी खांद्यावर हात ठेवला. हृदय थकलेलं होतं, फुप्फुसं जुनी होती, कारण शोधत बसू नका, म्हणाले. भला माणूस. पण मी त्यांनाही 'थोडी' गार म्हणालो होतो.

नंतर एके दिवशी शेजारच्या जोनबाई घरी भाजलेले स्कोन घेऊन आल्या. त्यांचं घर तुम्हाला ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बसल्या, चहा घेतला, आणि मला म्हणाल्या, "आता पीनटला कोण आणणार माझ्याकडे?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जुलैत एकदा तुम्ही कुंपणापाशी उभे राहून त्यांना विचारलं होतंत, "एक्स्क्यूज मी, कॅन माय डॉग सिट इन युअर सन?" त्यांच्या ओसरीवर उत्तरेचं ऊन येतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ओन्ली इफ यू सिट टू, लव्ह." त्यानंतर आकाश स्वच्छ असलेल्या प्रत्येक दुपारी तुम्ही दोघं तिथे असायचात. त्यांनी तुम्हाला गुडघ्यांवर घ्यायला रग दिला होता. तुम्ही त्यांना मिरजेच्या मे महिन्याबद्दल सांगायचात, पत्र्यावर पाणी मारून घर कसं गार करायचात ते. त्यांना ते फार मजेशीर वाटायचं. आणि मी इकडे स्नेहाला विचारत होतो, "एवढ्या थंडीत अण्णा इतका वेळ फिरतात तरी कुठे?"

ज्या बाईला तुमचं आडनाव धड उच्चारता येत नाही, तिला तुमचं मागणं एका वाक्यात समजलं, आणि तिने एका वाक्यात उत्तर दिलं. मला तिचा हेवा वाटला, अण्णा. मग लाज वाटली, आणि मग, खरं सांगतो, फार हलकं वाटलं. तुम्हाला ऊन मिळालं होतं. माझ्याकडून नाही, पण मिळालं होतं. मी त्यांचे आभार मानायला गेलो आणि नुसतीच रिकामी बशी पुढे केली. त्यांनी मला आणखी एक स्कोन दिला.

गेल्या रविवारी मी पलंग उत्तरेच्या खोलीत नेला आणि माझं टेबल मागच्या खोलीत आणलं. एकट्यानेच ओढत नेलं. स्नेहा बोळकांडीत उभी राहून बघत होती.

"आता कशाला?" ती म्हणाली. मी टेबल ओढत राहिलो. "अण्णांसाठी करतोयस, की स्वतःला शिक्षा म्हणून? शिक्षा म्हणून असेल तर त्यांना आवडणार नाही, सांगून ठेवते."

शेंगूला मी उचलून उन्हातल्या पलंगावर ठेवलं. ती उतरली आणि मागच्या खोलीत परत गेली. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेली. गालिच्यावर जिथे पलंगाच्या पायांचे खळगे पडलेत त्यांच्या मध्ये ती अंग मुडपून पडते. मग मीही तिथेच काम करत बसतो, टोपी घालून, हीटर न लावता. हे लिहितोय तेही तिथूनच. ती टेबलाखाली आहे, माझ्यापासून हातभर लांब. माझ्याजवळ येत नाही.

बर्फामुळे आज शाळेला सुट्टी आहे. इतका वेळ इरा उत्तरेच्या खोलीत लोळत होती, तुमच्या पलंगावर. आत्ता पाणी प्यायला उठली असेल. जाता जाता दाराशी थांबली, हातात फोन, केस विस्कटलेले. माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, टेबलाखाली वाकून शेंगूकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आर यू कोल्ड?"

अगदी सहज विचारलं तिने, वेळ विचारावी तसं. 'नाही गं, मी ठीक आहे' हे तोंडाशी आलंच होतं. ते मला शिकावं लागलेलं नाही, तुमच्याकडूनच आलंय. ते म्हटलं असतं तर ती फोनमध्ये बघत निघून गेली असती, आणि तिची काही चूक झाली नसती.

"हो," मी म्हणालो. "मला थंडी वाजतेय. फार."

तिने फोन खिशात टाकला.

"वेल, कम आउट देन," ती म्हणाली, आणि शेंगू नि मी, आम्ही दोघं बाहेर येईपर्यंत दार धरून उभी राहिली.